ऑइलचा दिवा मधूनच लागतो? आधी वही, मग पाना

आमच्या मारुती ओम्नी व्हॅनचा ऑइलचा लाल दिवा आई शेजारच्या सीटवर बसली की लागायचा. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला अडीच महिने लागले. तेवढ्यात हा दिवा लावणारा ऑइल स्विच दोनदा बदलून झाला, मुदतीआधी ऑइल बदललं, आणि एका गॅरेजात "इंजिन उतरवावं लागेल" हेही ऐकून आलो. आमचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा आहे. माल घेऊन नवी पेठ, सात रस्ता, जुळे सोलापूर असं रोजचं फिरणं, आठवड्यातून एकदा तुळजापूर. गाडी दोन दिवस उभी राहिली की भाकरी थापणाऱ्या बायकांचं काम अडतं.

शेवटी सापडलं ते असं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. डाव्या सीटखालून जाणाऱ्या स्विचच्या वायरचं वेष्टन घासून गेलं होतं. सीटवर वजन पडलं की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि दिवा लागायचा. गॅरेजात मी एकटाच गाडी घेऊन जायचो, त्यामुळे तिथे कुणाला काही दिसायचंच नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या शाळेच्या व्हॅनचाही दिवा असाच लुकलुकायला लागला. "तुझ्यासारखंच वायरचं असणार," म्हणून त्यांनी तो सोडून दिला. पंधरा दिवसांनी विजापूर रोडवर इंजिनातून ठकठक आवाज सुरू झाला. खोलल्यावर बेअरिंग घासलेले आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यावर, ओरखडे. दिवा तोच, लुकलुकणंही तसंच, पण एकाचं काम टेप गुंडाळून झालं आणि दुसऱ्याला इंजिन बांधावं लागलं. बाहेरून या दोन्हींत फरक दिसत नाही, म्हणून ज्यांनी नुकतीच जुनी व्हॅन घेतली आहे त्यांच्यासाठी हा क्रम सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं ओम्नीची आहेत, पण ईको, मॅटाडोर किंवा दुसरी कुठलीही जुनी व्हॅन असली तरी तपासायची रीत हीच.

हा दिवा काय सांगतो

किटलीसारखं चित्र असलेला लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. इंजिनाचं पिवळं चित्र असलेला दिवा वेगळा, त्याची यात गल्लत करू नका. इंजिनाच्या बुडाशी असलेल्या भांड्यात, म्हणजे चेंबरमध्ये, ऑइल असतं. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि ते क्रँक, कॅम यांच्या बेअरिंगपर्यंत जातं. बेअरिंग आणि क्रँक एकमेकांना टेकत नाहीत ते मधल्या ऑइलच्या थरामुळे. दाब गेला की लोखंडावर लोखंड घासतं, आणि तसं व्हायला फार वेळ लागत नाही.

दाब ओळखायला ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी भागाला, एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्याला एकच वायर येते. दाब नसताना स्विच आतून बॉडीला अर्थ देतो आणि दिवा लागतो. दाब आला की आतला पडदा ढकलला जातो, अर्थ तुटतो, दिवा विझतो. बहुतेक स्विच साधारण ०.२ ते ०.५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाच्या आसपास काम करतात. म्हणजे खऱ्या कारणाने दिवा लागत असेल तर दाब थोडा कमी झालेला नसतो, जवळजवळ संपलेला असतो. "नुसतं लुकलुकतंय" असं म्हणून तो अंगावर घेऊ नये, ते यासाठी.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या, पुढे तिचा उपयोग आहे. वायर पत्र्याला टेकली तर दिवा लागतो. वायर तुटली तर दिवा कधीच लागत नाही.

दिवा लागला त्या क्षणी

गाडी डावीकडे घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या चौकापर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत जायचं नाही. पुणे रोडवर किंवा हैदराबाद रोडवर मागून ट्रक येत असतील तर न्यूट्रलमध्ये टाकून जेवढं बाजूला जाता येईल तेवढं जा. दिव्यासोबत ठकठक आवाज येत असेल किंवा रेस दिल्यावरही दिवा विझत नसेल तर इंजिन पुन्हा सुरूच करायचं नाही, गाडी ओढून न्यायची. टोइंगचे पैसे त्या वेळी जड वाटतात, पण क्रँकच्या कामापुढे ते काहीच नाहीत.

पट्टी बघणं

सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेच्या जवळ हवं.

खालच्या खुणेखाली असेल तर दिव्याचं कारण बहुधा सापडलं, पण काम तिथे संपत नाही. ऑइल गेलं कुठे? बाहेर गळत असेल तर चेंबरच्या पॅकिंगजवळ, टॅपेट कव्हरजवळ किंवा फिल्टरच्या बुडाशी ओल दिसेल. बाहेर कोरडं असेल आणि सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. थोडं थोडं ओतत भरा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर फिरता क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाचा दाब नीट लागत नाही.

पट्टीवरचं ऑइल बोटांत चोळून बघा, वासही घ्या. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) तपासायला लागेल. फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट साय दिसली आणि पट्टी स्वच्छ असली तर ते बहुतेक थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्याने साठलेला ओलावा असतो. ऑइल पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास, आणि न भरताच पातळी वाढलेली असेल तर ती मोठी खूण आहे. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. अशी गाडी चालवू नका. पंप दुरुस्त करून मगच नवं ऑइल टाका.

रंगावरून मात्र फसू नका. गॅसवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल मुदत संपली तरी सोनेरीच दिसत राहतं. गॅसवाल्यांनी किलोमीटर लिहून ठेवावेत.

वही: दिवा कधी लागतो

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. पातळी बरोबर असेल, आवाज नसेल, आणि रेस दिली की दिवा लगेच विझत असेल, तरच तीन-चार दिवस जवळच्या जवळ, हळू गाडी चालवून नोंद करा. प्रत्येक वेळी लिहा: इंजिन गार की गरम, गाडी उभी की चालती, वळण होतं का, ब्रेक मारला होता का, खड्डा होता का, सीटवर कोण होतं, पाऊस होता का. लिहिण्यासाठी गाडी थांबवा, किंवा शेजारच्याला लिहायला सांगा.

वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा घाटात दिवा चमकून जात असेल तर बहुधा ऑइल कमी आहे. तुळजापूरच्या घाटात वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाची जाळी क्षणभर हवा ओढते. गावात सपाटीवर हेच इंजिन गुमान चालतं. पट्टी घरी बघितली तेव्हा ठीक वाटली असेल तर पुन्हा, सपाट जागा शोधून बघा.

गरम इंजिन आणि उभी गाडी, म्हणजे सात रस्त्याच्या सिग्नलला दुपारी दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, ही सगळ्यात जास्त दिसणारी तऱ्हा आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ हीच करते. ऑइल तापलं की पातळ होतं आणि स्लोला (रेस न देता इंजिन चालू असताना) पंप हळू फिरतो, त्यामुळे दाब सगळ्यात कमी याच वेळी असतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो, त्यात गर्दीत रांगत चाललेली गाडी. हिवाळ्यात दिसलंच नाही ते दुखणं इथे उघडं पडतं. कारणं साधी असू शकतात: स्लो फार खाली सेट केलेलं, ऑइल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं, नाहीतर स्विचच कमजोर झालेला. किंवा जड असू शकतात: बेअरिंग झिजलेले, पंप झिजलेला. यातलं कोणतं, ते फक्त दाब मोजणारं गेज सांगतं. काकांच्या व्हॅनची तऱ्हा हीच होती.

वेगात, वरच्या रेसला दिवा लागत असेल तर ती सगळ्यात वाईट तऱ्हा समजा. चेंबरमधली जाळी गाळाने तुंबली की पंपाला हवं तेवढं ऑइल मिळत नाही, आणि मागणी जास्त तिथे पुरवठा तुटतो. ही नोंद एकदा झाली तरी वही बंद करा आणि गाडी उभी करा.

सकाळी सुरू केल्यावर दिवा विझायला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि मग दिवसभर काही नाही, असं असेल तर फिल्टर बघा. फिल्टरमध्ये ऑइल मागे परत न जाऊ देणारी रबरी झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती कडक होते, रात्रभरात ऑइल उतरतं आणि सकाळी पंपाला सगळं नव्याने भरावं लागतं. फार जाड ऑइल असेल तरी हेच होतं.

आणि ज्याचा इंजिनाशी काही मेळच लागत नाही, म्हणजे खड्ड्यात, पावसात, गाडी धुतल्यावर, सीटवर कुणी बसल्यावर लागणारा दिवा, त्याचं कारण बहुतेक वायरमध्ये असतं. माझ्या वहीत चौथ्या दिवशी "आई सोबत" हे तिसऱ्यांदा लिहिलं गेलं, आणि ते वाचूनच मी सीट उचलली.

वायर आणि स्विच

चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेला आहे किंवा वायर तुटली आहे, आणि आजवर तुम्ही इशाऱ्याशिवाय गाडी चालवत होता. आधी ते दुरुस्त करा.

मग सीट उचला आणि स्विच शोधा. साधारण अंगठ्याएवढा, ब्लॉकला बसवलेला, एकच वायर असलेला. बऱ्याच गाड्यांत तो ऑइल फिल्टरच्या आसपास असतो. इंजिन गार असतानाच हात घाला. वायरचं टोक काढा, ते कुठेही टेकू देऊ नका, आणि चावी फिरवा. दिवा विझलेला दिसला पाहिजे. आता ते टोक ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. दिवा लागला पाहिजे. टोक मोकळं असूनही दिवा जळत असेल तर वायर मध्येच कुठेतरी पत्र्याला लागते आहे. चावी चालू ठेवून कुणाला तरी दिव्याकडे बघायला बसवा आणि तुम्ही वायर हलवत जा. सीटच्या कडा, एक्झॉस्टजवळची वळणं, क्लिपच्या जागा, उंदरांनी कुरतडलेले भाग बघा. धान्याच्या किंवा भाकरीच्या गाडीत उंदीर येतातच, हे अनुभवाने सांगतो. सापडलेल्या जागी नुसती टेप नको. वायर उष्णतेपासून लांब सरकवा आणि वरून स्लीव्ह चढवा.

स्विचच्या टोपीत ऑइल दिसलं तर आतला पडदा फुटला आहे. विचार न करता बदला. नसेल दिसलं तरी जुना स्विच बदलून बघणं स्वस्त आहे, आणि बहुतेक मेस्त्री सुरुवात तिथूनच करतात. माझी तक्रार फक्त एवढीच की ते तिथेच थांबतात. स्विच बदलल्यावर दोन दिवस दिवा लागला नाही म्हणजे दुखणं गेलं असं नाही. नव्या स्विचचा आकडा किंचित खाली असेल तर कमी दाबावरही तो गप्प बसतो. नवा स्विच बसवताना टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे देऊ नका, त्याला अर्थ आट्यांतूनच मिळतो. आटे निमुळते असतात, म्हणून जीव खाऊन आवळायचाही नाही.

वायर काढून ठेवून, दिवा बंद करून गाडी चालवणं हा इलाज नाही. असं करून गाडी विकणारेही असतात. सेकंडहँड गाडी बघायला जाताना मालकाला सांगा की इंजिन आधी गरम करून ठेवू नका. चावीवर दिवा लागतो का बघा, वीस मिनिटं चालवा, आणि गरम स्लोला परत बघा.

गेज लावणं

इथे खरा निकाल लागतो. स्विच काढून त्याच आट्यांत दाबाचं गेज लावायचं. गेज आणि जोडणारे निपल चांगल्या गॅरेजात असतात. सोलापुरात मार्केट यार्ड किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला मोठ्या गाड्यांची कामं करणाऱ्यांकडे विचारा, डिझेलवाल्यांकडे हे हमखास असतं. मला ज्या वयस्कर मेस्त्रींनी गेज लावून दिलं ते म्हणाले, "बाळा, दिवा फक्त हो नाहीतर नाही म्हणतो. किती, ते ह्याला विचारायचं." "अण्णा, मग आधीच का नाही कुणी लावलं?" असं मी विचारलं, तर त्यांचं उत्तर होतं की वेळ लागतो आणि कुणी त्याचे पैसे देत नाही. म्हणून तुम्ही जाताना आधीच सांगा: तपासणीचे पैसे देतो, पण गेज लावा.

आधी गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून नीट गरम करा, मग गेज लावा. स्विच काढताना गरम ऑइल येतं, हातमोजे घाला. नळी एक्झॉस्टला लागणार नाही अशी धरा. दोन नोंदी घ्या: गरम स्लोला किती आणि रेस दिल्यावर किती. ओम्नीत आरपीएमचा काटा नाही, मेस्त्रीचा कान किंवा टॅकोमीटर लागेल. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. तो हाताशी नसेल तर जुना ठोकताळा असा की इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय हवेत. किलोत वाचत असाल तर १४ पीएसआय म्हणजे जवळपास १ किलो.

गरम स्लोला काटा १ किलोच्या आसपास स्थिर आणि रेस दिल्यावर नीट चढतो: इंजिन चांगलं आहे, दुखणं स्विच किंवा वायरमध्ये. आमच्या गाडीचं हेच निघालं आणि इंजिन उतरवणं वाचलं. गरम स्लोला काटा तळाशी आणि रेस दिल्यावरही अडखळत चढतो: दिवा खरं बोलत होता. गार असताना भरपूर दाब आणि तापल्यावर एकदम खाली, असं असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा मोजा, मगच पुढचं बोला.

ऑइल बदलताना

हँडबुकात दिलेला ग्रेड वापरा. २०डब्ल्यू४० मधला ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा आहे, म्हणून उन्हाळ्यातल्या स्लोसाठी तोच महत्त्वाचा. दाब कमी म्हणून ५० चं ऑइल टाकायचा सल्ला मिळेल. काटा थोडा वर येतोही, पण झिजलेला बेअरिंग झिजलेलाच राहतो. धंद्याच्या दिवसांत आठ दिवस काढायचे असतील तर मी समजू शकतो, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. जुन्या, गाळ बसलेल्या इंजिनात फ्लश (आतला गाळ धुणारं द्रव) टाकायचा मोह टाळा. सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो आणि नव्हतं ते दुखणं उभं राहतं.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजात द्या, ते गोळा करणारे असतात.

चेंबर उघडायची वेळ

ऑइल-फिल्टर नवे, गेजवर दाब तरीही कमी, तर चेंबर उतरवायला सांगा. आख्खं इंजिन आधी नाही. चेंबर खाली आला की जाळी दिसते. तुंबली असेल तर तिथेच कारण मिळालं. जाळीच्या नळीचं पॅकिंग किंवा ओ-रिंग फाटली असेल तर पंप ऑइलसोबत हवा ओढतो, तीही बदला. मग दाब ठरावीक मर्यादेत ठेवणारा रिलीफ वॉल्व्ह अडकलाय का ते बघायचं. आणि शेवटी एक-दोन बेअरिंगचे कॅप उघडून आतली चकाकी. करडं, गुळगुळीत असेल तर ठीक. तांबूस थर उघडा पडला असेल तर बेअरिंग संपले. हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्या वेळी गॅरेजात हजर राहा. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावलेच पाहिजेत.

मेस्त्रींकडे जाताना "ऑइलचा दिवा लागतो" एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा. "गरम असताना, स्लोला, चार दिवसांत सात वेळा, रेस दिली की विझतो, पातळी बरोबर आहे, वायर काढून तपासली आहे." एवढं ऐकलं की समोरचा माणूसही वेगळ्या पद्धतीने काम करतो.

गाडी घरी आल्यावर नव्या फिल्टरनंतरच्या पहिल्या स्टार्टला दिवा विझायला दोन-तीन सेकंद जास्त लागतील, तेवढं चालतं. त्या वेळी रेस देऊ नका. रात्री इंजिनाखाली जुना पेपर पसरून ठेवा आणि सकाळी डाग पडलाय का, पडला असेल तर नेमका कुठे, ते बघून वहीत लिहा.